पहिला मान बाळकुमचा

हॉलिवुडचा निर्माता म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सिगार, पोहण्याचा तलाव आणि मागेपुढे धावणारी माणसं येतात. मी ज्या हॉलिवुडच्या निर्मात्याकडे अकरा वर्षं काम केलं ते अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट घालायचे, खिशात बडीशेपेची डबी ठेवायचे आणि ठाण्यातल्या बाळकुमला राहायचे. नाव हरेश्वर. सगळे त्यांना हरीशेठ म्हणत. आडनाव मुद्दाम सांगत नाही, कारण बाळकुमात त्या आडनावाची निम्मी माणसं आहेत आणि प्रत्येकाला वाटेल की मी त्याच्याबद्दलच लिहिलंय.

मी डोंबिवलीची. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर पहिले दोन महिने कपाटं आवरली, तिसऱ्या महिन्यात आवरायला काही उरलं नाही. अशाच एका दुपारी दाराची बेल वाजली. दारात हरीशेठ, हातात एक कागद. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्यांना माझा पत्ता दिला होता. ओळखबिळख काही न सांगता त्यांनी विचारलं,

"बाई, जेवलात का?"

साडेबारा वाजले होते आणि मी जेवले नव्हते. मी तसं सांगितलं.

"मग जेवून घ्या. मी खाली गाडीत बसतो."

आणि ते खरंच खाली जाऊन बसले. मी घाईघाईने चार घास पोटात ढकलले आणि विचार करत राहिले की हा माणूस वेडा आहे की फार सुसंस्कृत. पुढे कळलं की दोन्ही.

अर्ध्या तासाने ते वर आले आणि कागद माझ्यापुढे ठेवला. त्यांच्या ऑफिसातल्या कोणीतरी अमेरिकेला डायना नावाच्या बाईंना पत्र लिहिलं होतं. डायना तिकडच्या निर्मितीसंस्थेत मोठ्या हुद्द्यावर होत्या. पत्रात 'काइंडली डू द नीडफुल' तीन वेळा होतं आणि ते नीडफुल काय, हे कुठेच नव्हतं. उत्तरात डायनाबाईंनी दोनच ओळी लिहिल्या होत्या आणि दोन्ही बर्फासारख्या थंड होत्या.

मी तिथल्या तिथे छान पत्र लिहिलं. माझ्या मते छान. हरीशेठनी प्रत्येक वाक्याचा अर्थ विचारला.

"हे काय लिवलंय?"

"मी आपला सदैव ऋणी राहीन."

"काढा. एवढा ऋणी मी कोणाचाच नाय. लिहा, गाड्या सकाळी पाचला लागतील, ड्रायव्हर आपले हायत, काळजी करू नका."

"एवढंच?"

"आनि शेवटी विचारा, जेवलात का."

मी त्यांना समजावलं की इंग्रजीत व्यवसायाच्या पत्रात असं विचारत नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "मग शिकवा त्यांना. तीस वर्षं शिकवलंत ना?"

फळ्यासमोर जन्म काढलेल्या बाईला उलट उत्तर ऐकायची सवय नसते. मी रागातच ते वाक्य लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं. सगळ्या प्रश्नांची सरळ उत्तरं होती आणि खाली लिहिलं होतं की आज कामाच्या टेबलाशी उभ्या उभ्या एक सँडविच खाल्लं, तेही अर्धंच. हरीशेठना वाईट वाटलं. "एवढी मोठी बाई आनि उभ्यानं खाते," असं ते दिवसभर म्हणत होते. तेव्हापासून अकरा वर्षं डायनाबाईंच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी त्या दिवशीचं जेवण असे. मला त्यांचा चेहरा प्रत्यक्ष कधी दिसला नाही, पण त्यांना भेंडी आवडत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे.

हरीशेठ सिनेमात आले ते ओहोटीमुळे. बावीस-तेवीस वर्षांचे असताना एक परदेशी युनिट खाडीत होडीवरून चित्रीकरण करत होतं. पाणी उतरलं, होडी चिखलात रुतली आणि साहेबलोक उन्हात ओरडत बसले. हरीशेठ काठावर होते. त्यांनी फळीवर गुडघा टेकून चिखलातून सरकत होडी गाठली, स्वतःच्या मनगटाकडे बोट दाखवून पावणेचार ही वेळ खुणेने सांगितली, परत घरी गेले आणि तांदळाच्या भाकऱ्या आणि तळलेले बोय मासे घेऊन आले. पावणेचारला होडी तरंगली. युनिटच्या प्रमुखाने त्यांना विचारलं, हे कसं कळलं? हरीशेठनी आकाशाकडे बोट दाखवलं, कारण तिथी या शब्दाला त्यांच्याकडे इंग्रजी नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ते कामावर.

तिथीवरून पाण्याची वेळ काढायचा हिशोब त्यांच्या डोक्यात पक्का होता. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे पाणी धड चढत नाही आणि धड उतरत नाही. पुढे मोठमोठ्या परदेशी चित्रपटांची वेळापत्रकं केली तरी लॅपटॉपशेजारी पंचांग असेच. वाळवंटातल्या चित्रीकरणालाही ते पंचांग बघत. मी एकदा म्हटलं, "हरीशेठ, राजस्थानात कुठली आलीय भरती?" तर म्हणाले, "मानसांना येते, बाई. पुनवेला युनिटमधी भांडनं जास्त होतात." मी हसले होते. नंतर चार पौर्णिमा लक्ष ठेवलं आणि हसायचं बंद केलं.

होडीपासून सुरुवात करून आधी ते जागा दाखवणारे झाले, मग लाइन प्रोड्युसर. बाहेरचं युनिट इथे आलं की परवानग्या, गाड्या, जेवण, माणसं, हवामान आणि रुसवेफुगवे हे सगळं ज्याच्या डोक्यावर पडतं तो लाइन प्रोड्युसर. कल्याणच्या रेल्वे यार्डात एका अमेरिकन चित्रपटाचं काम अडलं होतं, ते त्यांनी असं काही सोडवलं की डायनाबाईंनी पुढच्या चित्रपटात त्यांना भागीदार निर्माता केलं. तो चित्रपट तिकडे तुफान चालला. त्यानंतरचा त्याहून चालला. लॉस एंजलिसला ऑफिस झालं, घर झालं. तिथे पहिल्याच आठवड्यात हरीशेठनी सुका जवळा, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, भाजला आणि इमारतीतल्या लोकांनी अग्निशामक दल बोलावलं. त्या दिवशीचं डायनाबाईंचं पत्र माझ्याकडे अजून आहे. शेवटी लिहिलंय, आज मी भात आणि जवळा जेवले, बरोबर दलाचे चार जवान होते.

एका तिकडच्या वार्ताहराने त्यांना विचारलं होतं, निर्माता नेमकं काय करतो? उत्तर भाषांतरित करायला मी होते. हरीशेठ म्हणाले, "लग्नात नवरीचा मामा काय करतो? सगल्यांना वाटतं नुसता फिरतोय. तो जरा बाजूला झाला की कलतं, भटजी कुठाय, भात कुठाय आनि नवरदेव कुठाय." लग्न हेच त्यांचं निर्मितीशास्त्र होतं. चित्रीकरणाच्या कुठल्याही अडचणीवर ते आधी विचारत, हळदीला आपण काय केलं असतं? सेटवर त्यांच्या नावाची खुर्ची असायची, तीवर ते कधी बसले नाहीत. लग्नघरातला माणूस बसतो का, हे त्यांचं म्हणणं. जेवणाच्या पंगतीत मात्र ते सगळ्यात आधी शिरत, पण वाढायला.

आणि याच लग्नाच्या सवयीने एकदा त्यांची फजिती केली.

तिसरा चित्रपट त्यांच्या मनातला होता. विषय मिठागरांचा. बाळकुमच्या आसपासच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या खाडीकाठी मीठ पिकवलं, आगरं राखली, म्हणून ते आगरी. आता त्या जागांवर तीस-तीस मजल्यांच्या इमारती आहेत. हरीशेठचं बालपणीचं शेत जिथे होतं तिथे एका संकुलाचा जलतरण तलाव आहे आणि त्यात पोहायला रबरी टोपी लागते. त्यांना या गोष्टीचा राग नव्हता. पण मीठ काढणारी माणसं एकदा पडद्यावर नीट दिसावीत, ही इच्छा होती. डायनाबाईंनी होकार दिला. ॲलन नावाचा गुणी दिग्दर्शक आला. चित्रपटातली माणसं आमच्या भाषेत बोलणार आणि खाली इंग्रजी ओळी येणार, हे हरीशेठनी भांडून ठरवून घेतलं.

कामाला सुरुवात करण्याआधी त्यांनी गावदेवीला नारळ फोडला आणि जमलेल्या गावासमोर शब्द दिला, "पिच्चरचा पयला मान गावाचा. आधी बाळकुम बघंल, मग दुनिया."

चित्रीकरण भाईंदरच्या बाजूला एका चालू मिठागरावर होतं. पहिल्याच दिवशी दोनशे माणसांचा प्रसंग होता. सततच्या उधाणाने आगर वाहून गेलंय, घरात दाणा नाही, सगळं गाव बांधावर येऊन सुन्न उभं आहे. आता दोनशे माणसं बोलवायची कशी, तर हरीशेठना एकच रीत ठाऊक होती. त्यांनी घरोघर रंगीत अक्षता पाठवल्या. आणि ज्याच्या घरी अक्षता येतात तो जसा येतो तसं गाव आलं. बायका नव्या कोऱ्या पैठण्या नेसून, गळाभर सोनं घालून, केसांत हातभर गजरे. पुरुष इस्त्रीच्या कपड्यांत. एक आजोबा तर फेटा बांधून आले होते. बसमधून उतरून सगळे बांधावर दाटीवाटीने उभे राहिले आणि ॲलनकडे बघून हसले. ॲलनने माझ्याकडे वळून हळूच विचारलं की उपाशी गाव कधी येणार.

दुसरा कुणी असता तर त्याने माणसं परत पाठवली असती. हरीशेठचा चेहरा पडला होता, पण ते म्हणाले, "अक्षता देऊन बोलवलंय, बाई. परत कसा पाठवू?" मग त्यांनी ॲलनला बाजूला घेतलं. मला म्हणाले, विचारा याला, या गावात आगर बुडायच्या आधी कधी लग्न झालंच नव्हतं का? ॲलन बराच वेळ माणसांकडे बघत राहिला. मग त्याने कॅमेरा फिरवला. चित्रपटात आज जे चार मिनिटांचं लग्न आहे, ज्याचं तिकडच्या समीक्षकांनी तोंड भरून कौतुक केलं, ते पटकथेत नव्हतंच. त्यातली वधू खरोखरच लग्न ठरलेली होती आणि तिला वाटत होतं ही रंगीत तालीम आहे.

दुसऱ्या दिवशी हरीशेठ स्वतः घरोघर फिरले आणि शेतावरचे कपडे घालून या म्हणून सांगून आले. सगळ्यांनी ऐकलं, फक्त हिराआत्या सोडून. हिराआत्या म्हणजे हरीशेठच्या वडिलांची थोरली बहीण, वय ऐंशीच्या पुढे. ती पुन्हा पैठणीतच आली. "मी आवतनाला आलंय, मजुरीला नाय," म्हणाली आणि ॲलनच्या खुर्चीत बसली. त्यानंतरचे सगळे दिवस ॲलन उभा होता.

चित्रपट पुरा होत आला तेव्हा घोटाळा ध्यानात आला. करारात कलम होतं की तिकडच्या एका मोठ्या महोत्सवात दाखवण्याआधी चित्रपट कुठेही, कुणालाही दाखवायचा नाही. तो करार मीच हरीशेठना वाचून, समजावून सांगितला होता. ते म्हणाले होते, बरोबर आहे, बाहेरच्यांना दाखवायचा नाही. गाव त्यांच्या लेखी बाहेरचं नव्हतंच, म्हणून गावासाठी वेगळी सूट मागायचं त्यांना सुचलं नाही. आणि मी इतकी वर्षं त्यांच्याबरोबर राहून ते मला कळायला हवं होतं. मला फार अपराधी वाटलं. मी तसं बोलूनही दाखवलं.

"तुमचा काय दोष," ते म्हणाले. "शब्द मी दिलाय, देवीसमोर. तुमी फक्त लिहायचं."

महोत्सव सात महिन्यांनी होता. त्यानंतर इकडे यायला आणखी तितकेच. हिराआत्याला आत्ताच समोरचं माणूस पुसट दिसत होतं. चार दिवस हरीशेठ कुणाला जेवलात का विचारत नव्हते, त्यावरून मला काय ते समजलं. पाचव्या दिवशी मी त्यांना तिकडच्या एका पद्धतीची आठवण करून दिली. चित्रपटावर शेवटचा हात फिरवायच्या आधी ते लोक तो अनोळखी माणसांना दाखवतात आणि त्यांच्याकडून मतांची कार्डं भरून घेतात. त्या चाचणीला कलम आड येत नव्हतं. आमच्याही चित्रपटाची अशी चाचणी व्हायची होती, लॉस एंजलिसजवळच्या कुठल्याशा उपनगरात.

हरीशेठ खुर्चीतून उठलेच. "लिहा. मिठातला त्यांना काय कलतो? चाचणी बाळकुमला घ्या."

डायनाबाईंनी व्हिडिओवर समजूत घालायचा प्रयत्न केला. तीनशे माणसं, तीनशे फोन. एकाने जरी दृश्य टिपून बाहेर सोडलं तर महोत्सव हातचा जाईल. मी हे सांगितल्यावर हरीशेठ क्षणभरही थांबले नाहीत.

"त्यांना सांगा, एक जरी फोटो भायेर गेला तर पिच्चरवरून माझं नाव काढून टाका."

मी भाषांतर करायच्या आधी त्यांना विचारलं, नक्की? हे नाव मिळवायला त्यांची पस्तीस वर्षं गेली होती आणि हा त्यांचा स्वतःचा चित्रपट होता. "गाव हाय, बाई," एवढंच ते म्हणाले. मी भाषांतर केलं. मग डायनाबाई हो म्हणाल्या, आणि आज काय जेवल्या ते सांगायला विसरल्या.

पुन्हा अक्षता गेल्या. त्याच तलाववाल्या संकुलाच्या लग्नाच्या हॉलमध्ये पडदा लावला. दारावर प्रत्येकाचा फोन नाव लिहिलेल्या कापडी पिशवीत घालून ठेवला. सात-आठ जणांनी तर फोन घरीच ठेवले होते, हरीच्या नावाला धक्का नको म्हणून. त्या दोन तासांत माझा जीव टांगणीला लागला होता. पण हॉलमध्ये साधं कुणी खोकलंही नाही. मिठाच्या राशी पडद्यावर आल्या तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी हात जोडले. एकही फोटो बाहेर गेला नाही, ना त्या दिवशी, ना नंतर.

घोळ झाला तो कार्डांचा. प्रश्न मी मराठीत करून दिले होते. कुठला भाग कंटाळवाणा वाटला? काय खटकलं? काय बदलावं? आता ज्याने अक्षता देऊन बोलावलं, पोटभर जेवू घातलं, त्याला आपल्याकडे कुणी सांगतं का की तुमच्या कार्यात अमुक वाईट होतं? दोनशे नव्व्याण्णव कार्डांवर 'काही नाही' आणि 'एकदम भारी'. त्यांतल्या एकाने पुढे लिहिलं होतं, जेवण उत्तम, मटण थोडं अजून चाललं असतं. पण ते मत चित्रपटाबद्दल नव्हतं.

तीनशेवं कार्ड पडद्याला नाक लावून बसलेल्या हिराआत्याचं. तिला लिहिता येत नव्हतं. तिने मला शेजारी बसवलं.

"लिव बाय. ती पोरगी मीट डोक्यावर घेऊन चालतंय कशी? मीट हाय का कापूस? अगं, मीट ओला असतो. त्याचा पानी गलतो, मानेवर, डोल्यात. आग होते. म्हनून बाया पलायच्या, मान अशी वाकडी करून. हलूहलू कोन चालतो? लिव, सगला पिच्चर चांगला, मीट खोटा."

आत्याला घरच्या कार्यात नावं ठेवायचा हक्क असतो, आणि तिने तो बजावला. मी कार्ड हरीशेठपुढे ठेवलं. ते दृश्य चित्रपटाचा गाभा होतं. नायिका पहिल्यांदा मिठाची पाटी घेऊन संध्याकाळच्या उजेडात बांधावरून येते, संथ, सुंदर. जाहिरातीसाठी तेच निवडलं होतं.

"मना म्हाईतच नव्हतं," हरीशेठ म्हणाले. "आई गेल्यावर आत्यानं वाढवलं. तिची एकच अट, हा पोरगा आगरावर पाय ठेवनार नाय. मी लांबून बघितलंय फक्त. लांबून ते चालल्यासारखंच दिसायचं."

त्यांच्यापुढे दोन रस्ते होते. दोनशे नव्व्याण्णव कार्डं पाठवली की चित्रपट तसाच महोत्सवाला जाणार, सगळे खूश. हे एक कार्ड पाठवलं तर पुन्हा युनिट, पुन्हा परवानग्या, आणि डायनाबाईंनी नाही म्हटलं तर वाद. गावाने चित्रपट पाहिला होता, शब्द पाळला गेला होता. कुणी त्यांना बोल लावला नसता. मीच म्हटलं, "प्रेक्षकांना काय कळणार आहे?" हे मी बोलले याची मला आजही लाज वाटते.

त्यांनी आत्याचं कार्ड गठ्ठ्याच्या वर ठेवलं. "आधी हे लावा. मग बाकीचे."

डायनाबाईंनी ते कार्ड कितीदा वाचलं कोण जाणे. उत्तर आलं, चित्रीकरणाला एक दिवस मिळेल, एकच.

त्या दिवशीची भेट हीच माझी आणि हरीशेठची शेवटची भेट ठरली. त्यानंतर ते चित्रपट पुरा करायला तिकडे गेले, मी माझ्या मुलीकडे नाशिकला राहायला आले. चित्रपटाचं पुढे जे कौतुक झालं ते सगळ्यांनी वाचलंय. हरीशेठ आता वर्षातले आठ महिने तिकडेच असतात, पुढच्या दोन चित्रपटांची तयारी चालू आहे, तब्येत छान आहे. हिराआत्याही ठणठणीत आहे. फोनवर आम्ही बोलतो, पण डोळ्यांसमोर येतं ते मिठागरच.

त्या दिवशी दुपार कलली होती. ॲलन, कॅमेरा, नायिका सगळे बांधावर तयार. नायिका मनापासून शिकायला बघत होती, पण पळताना तिची पाटी कलत होती आणि मान सरळच राहत होती. हिराआत्या खुर्चीत बसून तोंडाने सांगत होती. शेवटी ती वैतागली आणि तिने पुतण्याला हाक मारली.

"हरी, शर्ट काढ नायतर नको काढू, पन पाटी घे. दाखव तिला."

"आत्या, मी कवा घेतलंय?"

"नाय घेतलास म्हनूनच घे. मी सांगतंय तसा पल."

साठीच्या घरातला तो माणूस चपला काढून वाफ्यात उतरला. दोघांनी ओल्या मिठाची पाटी त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि हरीशेठ बांधावरून धावत सुटले. पहिल्या दहा पावलांतच खारं पाणी मानेवरून शर्टात उतरलं. आत्या मागून ओरडत होती, "मान! मान वाकडी कर! थांबलास तर डोल्यात जाईल!" आणि त्यांची मान आपोआप वळली, पावलं आखूड झाली, आणि मला पहिल्यांदा दिसलं की त्या बायका कशा धावत असतील. नायिका तोंडावर हात ठेवून बघत होती. राशीशी पोचून त्यांनी पाटी ओतली तेव्हा त्यांचे डोळे लालबुंद झाले होते. पुढच्या वेळी नायिका तशीच धावली, आणि ॲलनला हवं ते मिळालं.

आत्याने पुतण्याला जवळ बोलावून खाली बसवलं आणि तांब्यातलं गोडं पाणी त्यांच्या डोळ्यांवर मारायला लागली. "चोलू नको. मी सांगतंय ना, चोलू नको." ते चोळत नव्हते. दोन देशांत ऑफिस असलेला निर्माता मांडी घालून, डोळे मिटून, मुकाट बसला होता.

"आता झाला खरा पिच्चर," आत्या म्हणाली.

"झाला ना? मग बस."

"बस काय? त्या दिशी हॉलमधी दाखवलास तो खोटा होता. खरा तर आता झालाय. त्याचा पयला मान गावाला नको?"

मी हे ॲलनला इंग्रजीत सांगितलं. त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि तो बांधावरच बसला. मी हरीशेठकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी ते सांगतील की आत्या, करार आहे, एकदा झालं, पुन्हा होत नाही. आत्या पाणी मारतच होती. त्यांच्या हनुवटीवरून ते टपटप गळत होतं आणि ते गालातल्या गालात हसत होते.

"लिहा, बाई," ते डोळे न उघडता म्हणाले. "डियर डायना, आत्या म्हनते, चाचणी परत बाळकुमला घ्या."